एकच आकडा द्या, सर

नागपूरचं हिवाळी अधिवेशन. दुसऱ्या दिवशी विधानसभेत नियम २९३ खाली अनुशेषावर, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मागं पडलेल्या भागांच्या तुटीवर, चर्चा होती. आदल्या रात्री आमदार निवासात आमचे आमदार भाऊ म्हणाले, "सर, मले एकच आकडा द्या. विदर्भाचा अनुशेष किती?"

वर्गात हा प्रश्न आला की मी उलट विचारतो: कोणत्या तारखेचा, कोणत्या दरानं, कशाच्या तुलनेत? सभागृहात तेवढी उसंत नसते. म्हणून बहुतेक जण १९८४चा आकडा फेकतात. दांडेकर समितीनं राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी काढला. त्यात विदर्भ १,२४६ कोटी, मराठवाडा ७५१, उर्वरित महाराष्ट्र १,१८९. वि. म. दांडेकर गोखले इन्स्टिट्यूटचे. सरकारनं नेमलेल्या समितीत बसूनही त्यांनी हिशोब प्राध्यापकाच्याच पद्धतीनं केला.

उर्वरित महाराष्ट्राचे ते १,१८९ कोटी पाहून भाऊ चमकले. "बागायतदारांचा कायचा अनुशेष?" मग मी नुसतं सिंचन घेऊन कागदावर एकाच विभागातले दोन जिल्हे मांडले, आकडे मनाचेच. प्रत्येकी ४ लाख हेक्टर लागवडीखाली. एकात सिंचन २५ टक्के, दुसऱ्यात ५५. राज्याची सरासरी ४०. विभाग एकक धरला तर सरासरी बरोबर ४०, अनुशेष शून्य. जिल्हा एकक धरला तर पहिल्यात १५ टक्के तूट, म्हणजे ६० हजार हेक्टर. हेक्टरी २ लाख खर्च धरला तर १,२०० कोटी. दुसऱ्याची आघाडी यातून वजा होत नाही. दांडेकरांनी जिल्हा धरला. या गणितातला खरा राजकीय निर्णय एवढाच; पुढे नुसता गुणाकार.

हेक्टर मोजण्यातही खाच आहे. ऊस बारमाही पाणी पितो, ज्वारी तितकं पीत नाही; म्हणून क्षेत्र रब्बी समतुल्यात, म्हणजे तेवढ्या पाण्यात रब्बीचं किती क्षेत्र भिजेल या मापात, बदलून घ्यावं लागतं. ते न करता दोन जिल्ह्यांची तुलना करणारी टिपणं मी विद्यापीठातही पाहिली आहेत आणि मंत्रालयातही.

मोठा घोळ मात्र कोटींचाच. निधी दिला की आर्थिक अनुशेष, म्हणजे रुपयांत मोजलेली तूट, कागदावर उतरतो. पण भूसंपादन लांबतं, पुनर्वसन अडतं, वनजमिनीची मंजुरी येत नाही. तोवर दर चढतात आणि त्याच पैशात कमी हेक्टर भिजतात. पैसे संपतात, भौतिक अनुशेष, म्हणजे हेक्टरांतली तूट, तसाच. वर 'निर्मित सिंचनक्षमता' हा शब्द फसवा. धरण झालं, मुख्य कालवा झाला, पण शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या वितरिका आणि पाटचाऱ्या अर्धवट. क्षमता नोंदली जाते, शेत कोरडं. आणि राज्याची सरासरी वाढत राहते, त्यामुळे एका तारखेचा अनुशेष भरला तरी त्यानंतरची दरी त्यात येतच नाही.

शेवटी भाऊंना एक पान दिलं. कोटी सगळे काढून टाकले. जिल्ह्यागणिक तीनच रकाने: निर्मित क्षमता, प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र, अपूर्ण वितरिकांची लांबी. तिसऱ्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहावं लागलं. भाऊंनी तोच रकाना उचलला आणि जिल्ह्यांची नावं घेत एकेक विचारत गेले.

मंत्र्यांनी उत्तर कोटींत दिलं. हेक्टरांची माहिती पटलावर ठेवतो, म्हणाले.