भाषणानंतरचं काम : आमची वाटचाल

आमची फर्म काय करते, हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. शाळा, कॉलेज, आयटीआय आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांत आम्ही तरुण मुलामुलींशी बोलायला जातो. आणि बोलून झालं की त्यातल्या ज्यांना गरज आहे, त्यांच्यासोबत पुढे वर्षभर राहतो. पैसे पहिल्या कामाचे मिळतात, खरा उपयोग दुसऱ्याचा होतो. या दोन्हींचा मेळ घालता घालता इथवर आलो.

मी मूळचा फुटबॉलपटू, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेला. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कोल्हापुरात तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही जपला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ... पोरगं कुठल्या टीमचं, हे त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे त्यावरून ठरतं. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू झाली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, पेठेतल्या आया-आज्यासुद्धा निकाल विचारतात. अशा गावात चांगला पास दिला तरी चार दिवस कौतुक होतं. त्या कौतुकावर मी मोठा झालो आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

पुढे मुंबईला गेलो, आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, विंग बॅक म्हणून खेळलो. महिन्याला पगार, टीव्हीवर मॅच, गावात फ्लेक्स. मग गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला तो लिगामेंट, जो तुटला की ऑपरेशन करून मांडीमागच्या स्नायूचा दोर काढून त्या जागी बसवावा लागतो. मैदानावर परत यायला नऊ महिने तरी लागतात. मी परतलो, खेळलोही. पण तोवर आमच्या भागातल्या व्यावसायिक फुटबॉलचीच जमीन सरकत होती. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये थांबली, मुंबई एफसी २०१७ मध्ये. सात वर्षांत महाराष्ट्रातले तीन नावाजलेले क्लब गेले. बँका आणि सरकारी कंपन्यांच्या टीममधल्या नोकऱ्या, ज्यांवर आमच्या आधीच्या पिढीनं मुंबईत संसार उभे केले, त्याही आटत गेल्या. तिशीच्या आत-बाहेरची कितीतरी मुलं बूट पिशवीत घालून घरी आली. त्यांत मी एक.

पहिलं भाषण माझ्याच शाळेत झालं. मुख्याध्यापकांनी बोलावलं, म्हणाले, दहावीच्या मुलांना चार शब्द सांग. मी घरून एक टॉवेल घेऊन गेलो. तो टॉवेल आजही प्रत्येक कार्यक्रमात माझ्या बॅगेत असतो, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते त्यातच आहे. एका मुलाला टेबलावर पाय लांब करून बसवतो. टॉवेल गुंडाळून त्याच्या गुडघ्याखाली ठेवतो आणि सांगतो, गुडघ्यानं हा खाली दाब, पाच मोजेपर्यंत धर. मग शेजारच्याला त्याच्या मांडीवर हात ठेवायला लावतो. स्नायू दगडासारखा झालेला असतो. मग सांगतो की ऑपरेशननंतरचा माझा पहिला व्यायाम हाच होता, आणि तेव्हा मी जीव तोडून दाबायचो तरी मांडी ढिम्म हलायची नाही. डोकं हुकूम देतं, स्नायू ऐकत नाही. डॉक्टर सांगतात की गुडघ्याला सूज असली की असं होतंच, त्यात माणसाच्या हिमतीचा दोष नसतो. रोज तेच, दिवसातून चार-पाच वेळा, कुणी टाळ्या वाजवायला नाही. एके दिवशी कातडीखाली जराशी हालचाल दिसते, आणि त्या दिवशी फिजिओ तुमच्यापेक्षा जास्त खूश होतो. मुलं हे ऐकताना गप्प होतात. गोल कसे मारले ते सांगताना होत नाहीत.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर एक मुलगा दाराशी थांबला होता. म्हणाला, ‘दादा, ट्रायलला गेलतो. घेतलं न्हाई. घरात अजून सांगितलं न्हाई.’ त्याला माझ्या भाषणाचं काही करायचं नव्हतं. घरी कसं सांगायचं, एवढंच त्याला हवं होतं. मी त्याच्यासोबत त्याच्या घरी गेलो, वडिलांशी बोललो, पुढे काही महिने दर रविवारी त्याला भेटत राहिलो. फर्मचा पाया तिथे पडला असं मी मानतो, कागदावर ती नंतर आली.

कागदावर आली ती बायकोमुळे. ती हिशेबातली. तिनं सरळ विचारलं, तू फुकट जातोस, पेट्रोल कोण घालणार? २०१७ साल होतं आणि वारं आमच्या बाजूचं होतं. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्यांचा फिफा विश्वचषक भारतात भरणार होता. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं ‘मिशन वन मिलियन’ राबवून दहा लाख मुलांना एकाच दिवशी मैदानावर उतरवायचं ठरवलं, शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. आणि भारताच्या त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या शाळांना फुटबॉलशी देणंघेणं नव्हतं, त्यांचेही फोन येऊ लागले. बायकोनं दरपत्रक तयार केलं, बिलबुक छापून घेतलं.

सुरुवातीलाच आम्ही एक नियम केला आणि तो आजतागायत मोडलेला नाही. नुसतं भाषण आम्ही देत नाही. भाषणासोबत किमान चार पाठभेटी, म्हणजे भाषणानंतरच्या भेटी, घ्याव्याच लागतात, पंधरा-वीस मुलांच्या गटाच्या, तासाभराच्या. भाषणाच्या दरातच त्या धरलेल्या असतात. यामुळे कामं हातची गेली, अजूनही जातात. वार्षिक स्नेहसंमेलनाला पाहुणा हवा असतो, त्यांना पाठभेटींचं काय करायचं? पण प्रेरणेचा जोर फार टिकत नाही, हे मी ड्रेसिंग रूममध्ये पाहिलंय. कोच हाफ-टाइमला रक्त उसळेल असं बोलतो, आणि पंचावन्नाव्या मिनिटाला तुम्ही परत दमलेले असता. तेव्हा उपयोगी पडतो तो शेजारी पळणारा खेळाडू, जो ओरडून सांगतो की मागे माणूस आहे. साखळीतून वस्तू विकायला लावणाऱ्या कंपन्यांच्या मेळाव्यांनाही आम्ही जात नाही. तिथले दर चांगले असतात, पण पोरांच्या आशेवर धंदा करायचा नाही हे घरात बसून ठरवलंय.

पाठभेटींत काय चालतं, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं आम्ही तिथेही भाषणंच देतो. खेळणाऱ्या मुलांसोबत आम्ही बऱ्याचदा कागद वाचतो. करार वाचतो: किती महिन्यांचा आहे, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, मध्येच सोडलं तर काय. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रांची क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी करून घ्यावी लागते, हे कित्येक चांगल्या खेळाडूंना भरतीची जाहिरात निघाल्यावर कळतं. तोवर एखादं प्रमाणपत्र पावसात भिजलेलं असतं, एखादं कोणा मामाकडे राहिलेलं असतं. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली कामगिरी म्हणजे एक फाईल करणं. प्लास्टिकचे कप्पे, वर्षवार कागद, प्रत्येकाची झेरॉक्स वेगळी.

दुसरा विषय आमच्या गावाच्या दुखण्याचा आहे. शाहू स्टेडियमवर आणि बाहेर समर्थकांत मारामाऱ्या झाल्यात, हंगाम थांबवायची वेळ आलीय. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या नावावर गुन्हा दाखल झाला की पोलीस भरती असो की पासपोर्ट, चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो समोर येतो. मी मुलांना हे तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. ज्याच्यावर असा प्रसंग आला आणि जो आज कोर्टाच्या तारखा करतोय, अशा एकाला शेजारी बसवतो. बाकीचं तोच सांगतो. पेठेचा अभिमान मला कमी करायचा नाही, मी त्यातूनच आलोय. पण त्या अभिमानापायी कुणाची भरती हुकू नये, याची मला मनापासून काळजी वाटते.

पालकांशी बोलणं सगळ्यांत अवघड. त्यांना हवं असतं की मी मुलाला ‘तू होशील’ म्हणावं. मी तसं म्हणत नाही. फुटबॉलवर पोट भरणारे फार थोडे असतात, हे मी मुलासमोरच सांगतो. त्याच बैठकीत हेही सांगतो की तरी त्याला खेळू द्या, बारावी आणि मैदान दोन्ही एकत्र चालू शकतं, आपण वेळापत्रक बसवू. काहीजण उठून जातात. जे थांबतात ते वर्षानुवर्षं संपर्कात राहतात.

कारखान्यांचं काम आम्हाला लॉकडाऊननंतर मिळालं. २०२० मध्ये शाळा बंद, कार्यक्रम बंद. ऑनलाइन करून पाहिलं, पण काळ्या चौकोनांसमोर टॉवेल दाखवण्यात अर्थ नव्हता. ते बंद केलं आणि मुलांना फोन करत राहिलो, बिलाविना. २०२१च्या जुलैत पंचगंगेचा पूर आला, तेव्हा याच मुलांनी घराघरांत गाळ काढला. त्या कामात एका फौंड्रीचे, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याचे, मालक भेटले. त्यांची तक्रार अशी होती की शिकाऊ पोरं दोन-तीन महिन्यांत पळून जातात, त्यांना जरा मोटिव्हेट करा.

आम्ही गेलो. भाषण झालं, टॉवेल झाला. पाठभेटी मात्र आम्ही गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर घेतल्या, साहेब लोक नसताना. पोरं मोकळी झाली. दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. मग रात्र काढायची कुठे? कुणाच्या तरी खोलीवर, नाहीतर कारखान्यातच मोल्डिंगच्या बाजूला गोणपाटावर. चार दिवस असं केलं की पाचव्या दिवशी पोरगं येत नाही. यात प्रेरणेचा प्रश्नच नव्हता. आम्ही मालकांना तसं लिहून दिलं. त्यांनी कागल बाजूला जाणारी एक गाडी लावली, आणि पोरं टिकू लागली. त्या अहवालानं आम्हाला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जितकी कामं मिळवून दिली तितकी कुठल्याच भाषणानं दिली नाहीत.

पैशाचंही स्पष्ट लिहितो, म्हणजे या वाटेनं येणाऱ्यांना अंदाज येईल. काम चांगलं झालं तरी बिल वेळेवर येईल याची खात्री नसते. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केल्यामुळे आम्हाला कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, हे आम्ही आता प्रत्येक बिलाच्या तळाशी छापतो. आयकराच्या नव्या तरतुदीमुळे कंपन्याही २०२४पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्त गांभीर्यानं घेतात. कारखान्यांकडून मिळणाऱ्या पैशांतून महापालिकेच्या आणि खेड्यांतल्या शाळांचं काम होतं. हे गणित बायकोनं बसवलंय, आणि वर्षाच्या सुरुवातीलाच किती फुकट कामं घ्यायची ते तीच ठरवते. मला विचारलं तर मी सगळ्यांनाच हो म्हणेन.

गेल्या काही वर्षांत मुलींचे गट वाढलेत. कोल्हापुरात मुली आता जिद्दीनं फुटबॉल खेळतात, पण मॅच संपवून अंधार पडल्यावर घरी पोचायचं कसं, सरावाला बूट घालून गल्लीतून जायचं कसं, हे प्रश्न माझ्या अनुभवातले नाहीत. म्हणून त्यांच्या पाठभेटी एक माजी महिला खेळाडू घेते. तिच्या गटातल्या मुलींनी ठरवून एकाच वेळी, एकाच रस्त्यानं सरावाला जायला सुरुवात केली. ही कल्पना त्यांचीच.

येत्या जूनपासून इचलकरंजीत काम सुरू करायचंय. तिथल्या यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी दोन शाळांशी बोलणं झालंय, जागा मिळालीय, माणसं कमी आहेत. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळलेले आणि आता दुसरं काही करत असलेले माजी खेळाडू आम्हाला हवे आहेत, खेळ कुठलाही चालेल. बोलता यायलाच हवं असं नाही, ते आम्ही शिकवू. आठवड्यातून एक संध्याकाळ, किमान वर्षभर. येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन मिळेल. वर्षभर जमणार नसेल, तर मात्र सुरुवातीलाच सांगा, कारण मुलं वाट बघतात.