घ्यायचे काही नसते, तरीही जाते

तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते. शाळेतल्या शिक्षक-खोलीत, लग्नाच्या पंगतीत आणि अलीकडे भावजयीकडूनही हाच प्रश्न येतो: चित्र विकत घ्यायचे नसते, स्वतःला काढता येत नाही, मग पणजीत कुठल्याशा प्रदर्शनाचे उद्घाटन आहे म्हटले की फोंड्याहून बस पकडून तुम्ही का जाता? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो तोंडावर विचारला जात नाही. तिथले तुम्हाला कळते तरी का?

इतकी वर्षे मी ‘आवड आहे’ एवढेच सांगून सुटका करून घेत आले. हे उत्तर खोटे नव्हते, पण विचारणाऱ्याला गप्प करण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता.

आधी कटलेटचा विषय मिटवते, कारण तो निघतोच. खाजगी दालनांत उद्घाटनाला वाइन आणि काहीतरी तळलेले असते. सरकारी दालनांत समई, प्रमुख पाहुणे आणि लांबलेली भाषणे असतात. कटलेट मी खाते. त्यासाठी जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा बसच्या तिकिटाचा आणि रात्री बसस्थानकावर ताटकळण्याचा हिशेब करावा.

जाण्याचे कारण असे की चित्र करणारा माणूस त्या एकाच संध्याकाळी हमखास चित्राशेजारी उभा असतो आणि त्याला काहीही विचारता येते. दुसऱ्या दिवशी गेलात तर भिंती असतात आणि खुर्चीवर बसून मोबाइल पाहणारा एक मुलगा असतो. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या कला महाविद्यालयाची, म्हणजे १९७२ साली स्थापन झालेल्या आणि पुढे मडगावच्या लक्ष्मण पै यांनी प्राचार्य म्हणून सांभाळलेल्या संस्थेची, मुले जेव्हा आपली कामे मांडतात तेव्हा मी सहसा चुकवत नाही. सत्तरीची किंवा पेडण्याची एखादी मुलगी जस्ताच्या पत्र्यावर आम्ल किती वेळ ठेवले, कुठे जास्त झाले आणि ती जास्तीची काळी रेघ मग का राहू दिली, हे कोंकणीत इतक्या बारकाईने सांगते की त्यानंतर ते चित्र मला ‘कळले’ की नाही हा मुद्दाच राहत नाही. किमतीची यादीही मी याचसाठी चाळते. माध्यम आणि आकार व्यवस्थित लिहिलेला तेवढाच एक कागद तिथे असतो, बाकीचा मजकूर बहुधा अर्थाविषयी असतो.

कळण्याच्या बाबतीत मात्र तुम्ही मला फार छेडू नका. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, तेव्हा आपल्याच शिक्षक-खोलीत त्यांचे आईवडील गोव्याचे होते हे सर्वांना एकाएकी आठवले आणि वर्तमानपत्रातल्या त्या चित्रावर बोट ठेवून ‘पण यात आहे काय?’ असेही सर्वांनीच विचारले. मीही विचारले. आपल्याला पाहायला कोणी शिकवले नाही हे रडगाणेही मला पटत नाही. पणजीच्या कला अकादमीत मराठी नाट्यस्पर्धेची नाटके पाहत आम्ही वाढलो, ती तिथल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिर या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी रंगवलेल्या प्रेक्षकांच्या सोबतीने. पडदा उघडेपर्यंत त्या रंगवलेल्या मंडळींपैकी कोण पेंगते आहे आणि कोण कुजबुजते आहे हे आम्ही शोधत असू. चार्ल्स कोरिया यांनी ती वास्तूही अशी बांधली की दार ओलांडल्याची जाणीव न होता माणूस थेट मांडवीच्या काठापर्यंत चालत जातो. जुन्या घरांत थाटलेल्या खाजगी दालनांची गोष्ट वेगळी आहे. तिथे फाटक असते, फाटकाशी रखवालदार असतो, आणि तो काहीही बोलला नाही तरी आपण आपल्या चपलांकडे पाहतो.

अशाच एका दालनात मी बाबांना घेऊन गेले होते, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर, असलेच तर, त्या संध्याकाळपाशी कुठेतरी आहे.

बाबांची डिचोलीला गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मातीच्या मूर्ती घडवण्याची जागा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. प्रदर्शन मातीचे आहे असे ऐकून ते आपण होऊन निघाले. एका मोठ्या खोलीत न भाजलेल्या मातीची माणसांची डोकी जमिनीवर ओळींनी मांडली होती, आणि प्रदर्शन चालेल तसतशी ती सुकून तडकत जावीत अशी योजना होती. भिंतीवरच्या इंग्रजी मजकुरात खाणी, विस्थापन आणि स्मृती यांविषयी बरेच काही होते. बाबांनी तो वाचला नाही. ते थेट पहिल्या ओळीपाशी उकिडवे बसले, एका डोक्याच्या कानामागे गेलेली भेग त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि मग तिच्या कडेवर अंगठा टेकवला. देखरेख करणारा मुलगा “अंकल, अंकल, हात नका लावू” म्हणत धावत आला. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. मला खोलीबाहेर जावेसे वाटले. बाबांनी अंगठा उचलला, बोटांनी तो चोळला आणि कोणालाही उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, “माती बरी मळूंक ना.”

शिल्पकार जवळच होता, परराज्यातला तरुण मुलगा. त्याने मला अर्थ विचारला आणि मी सांगितला. तो रागावला नाही. फुटावीत म्हणूनच आपण माती तशी ठेवली आहे, असे त्याने बाबांना हिंदीत समजावले. बाबा म्हणाले, फुटायची असतील तर खुशाल फुटू दे, पण मळायला काय हरकत होती? न मळलेली माती कुठेही फुटते, मळलेली माती तू सांगशील तिथे फुटेल. मग त्यांनी खडे वेचण्यापासून माती भिजत घालणे, ती पायांनी तुडवणे, कापूस मिसळणे आणि ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवणे इथपर्यंत सगळे सांगितले. मुलगा ऐकत होता, आणि मधेच त्याने खिशातून मोबाइल काढला. “काका, यह फिर से बोलिए ना, शुरू से.” बाबांनी सुरुवातीपासून पुन्हा सांगितले. एका बाईंनी त्यांना थोडे उजेडात सरकायला सांगितले, आणि ते सरकले. इतका वेळ हातात ग्लास घेऊन दुसऱ्या खोलीत असलेली माणसेही आता भोवती जमली. ज्या माणसाला पाच मिनिटांपूर्वी हात लावू नका म्हणून हटकले होते, त्याचेच आता त्याच डोक्यांसमोर चित्रीकरण चालले होते. मी मधे पडून “पुरे” म्हणाले, तेव्हा सर्वांत जास्त नाराज झाले ते बाबा.

परतीच्या बसमध्ये आमचे भांडण झाले. त्यांनी तुम्हाला प्रदर्शनातली वस्तू केले, असे मी म्हणाले. बाबांचे म्हणणे असे की गणपती न्यायला येणारी माणसे मुकुट कसला आणि रंग कुठला एवढेच विचारतात, मातीबद्दल कोणीही विचारत नाही. या मुलाने विचारले, आणि तू मधे पडलीस.

त्यानंतर बराच काळ मी उद्घाटनांना गेले नाही. त्या काळातल्या माझ्याशी मी अजून वाद घालते. ती म्हणत असे की या जागा आपल्यासाठी नाहीत आणि आपण तिथे फार तर कौतुकाचा विषय होऊ शकतो. मी तिला विचारते की मग जागा सोडून द्यायची का, आणि ज्या भिंतींवर आपल्याच तालुक्यातल्या खाणींविषयी लिहिलेले असते त्या न वाचता घरी बसायचे का? ती म्हणते, वाच ना, पण इंग्रजीत वाच, कारण तिथे मराठी नाही आणि कोंकणीही नाही. यावर अजून मला चांगले उत्तर सुचलेले नाही. तरीही मी पुन्हा जाऊ लागले. डिसेंबरात, २०१६ पासून भरणाऱ्या सेरेंडिपिटी महोत्सवाच्या दिवसांत, जुन्या गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, इमारतीत मुले कडेवर घेऊन फिरणारी कुटुंबे पाहिली की तिचा मुद्दा लंगडा वाटतो. एरवीच्या एखाद्या दालनात वीस-पंचवीस ओळखीचे लोक एकमेकांच्या गालाला गाल लावताना दिसले की तिचेच खरे वाटते.

तो मुलगा पुढे श्रावणात डिचोलीला आला. बाबांनी त्याला मूर्तीला हात लावू दिला नाही, फक्त माती तुडवायला लावली, आणि त्याने ती कुरकुर न करता तुडवली. त्याच्या पुढच्या प्रदर्शनातली डोकी खरोखरच त्याने ठरवलेल्या जागी, कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी तडकली होती. कामाखाली त्याचे नाव होते. भिंतीवर आभाराच्या ओळीत ‘स्थानिक कारागीर’ असे होते. मी हे घरी सांगितले तेव्हा बाबांनी विचारले, मी काय गणपतीच्या पाठीवर माझे नाव घालतो? मी म्हणाले, गणपतीवर कोणाचेच नाव नसते, इथे दोघांपैकी एकाचे होते. बाबा म्हणाले, डोकी त्याची आहेत.

आता नव्या उद्घाटनाचे निमंत्रण आले आहे, त्यात ‘काकांनाही आणा’ असे लिहिले आहे. बाबा येणार आहेत. नावाचा विषय मी तिथे काढायचा नाही, अशी त्यांची अट आहे. मी ती अजून मान्य केलेली नाही.