आमच्या शाळेत पैसे हजेरीवर मिळतात

भाचीच्या लग्नासाठी सांगलीला गेलो, तेव्हा नाताळच्या सुट्टीला मागेपुढे जोडून मुलाची तेरा दिवस शाळा बुडाली. कॅलिफोर्नियात परतलो तर दारात पत्र. सबळ कारणाशिवाय तीन दिवस गैरहजर राहिलं की इथला कायदा मुलाला 'ट्रुअंट' म्हणतो. म्हणजे माझा तिसरीतला, वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारा मुलगा कागदोपत्री शाळाबुडव्या! वर शाळेच्या ऑफिसातून फोन: वर्षाच्या १८० दिवसांपैकी १८ चुकले, की तो 'क्रॉनिकली अ‍ॅब्सेंट', म्हणजे सतत गैरहजर राहणारा, धरला जाईल.

मी जरा वैतागलेच. मग कळलं की प्रश्न आमच्या एकट्याचा नव्हता. कॅलिफोर्नियात राज्याचा निधी पटावर मिळत नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २०११ ची पटपडताळणी तिच्या चांगली लक्षात आहे. बोटाला शाई लावून मुलं मोजली होती. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बरंय की, खोटा पट लावून उपयोग नाही."

उपयोग नाही खरं, पण यात एक मेख आहे. जिथली मुलं जास्त आजारी पडतात, घरं बदलतात, तिथली हजेरी घसरते आणि पैसेही घटतात. त्यावर उतारा म्हणून २०१३ साली निधीचं सूत्र बदललं: कमी उत्पन्नाच्या घरातल्या, इंग्रजी शिकत असलेल्या किंवा पालनगृहातल्या प्रत्येक मुलामागे २० टक्के जादा. अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर असली तर आणखी. हा पैसा कशावर खर्च करणार, हे 'स्कूल डिस्ट्रिक्ट'ला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, तीन वर्षांच्या आराखड्यात लिहावं लागतं. त्याला सगळे 'एलकॅप' म्हणतात.

जूनमध्ये या आराखड्याच्या सुनावणीला गेले. डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं बोर्ड समोर, आणि बोलायला प्रत्येकाला दोन मिनिटं. पडद्यावर राज्यानं शाळांच्या कामगिरीला दिलेले रंग होते, सगळ्यात वाईट लालपासून सगळ्यात चांगल्या निळ्यापर्यंत. एका शाळेची गैरहजेरी लाल होती. मला वाटलं, आता मुख्याध्यापकांची खरडपट्टी निघणार. पण चर्चा चालली ती दम्यावर, चुकणाऱ्या बसवर, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहणाऱ्या मुलींवर. शिकवण्याबद्दल पहिला तासभर कोणी बोललंच नाही. आधी कंटाळले, मग पटलं: जे मूल वर्गातच नाही त्याला शिकवणार काय?



पुढच्या खेपेला सुट्टीआधीच 'इंडिपेंडंट स्टडी'चा करार केला. त्यात दिलेला गृहपाठ पूर्ण केला की हजेरी लागते. मुलानं सांगलीच्या ओसरीवर अपूर्णांकांची गणितं सोडवली आणि आईनं लाल पेन शोधून ती तपासली.