नळीतलं पोस्टर आणि पूर्वचाचणी

‘टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन’ हे शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच्या परिषदेचं पूर्ण नाव कार्यक्रमपत्रिकेवरच राहायचं. बोलण्यात मात्र ‘यंदा टी-फोर-ई कुठे?’ एवढंच. 2009 साली बंगळूरला कार्यशाळा म्हणून सुरू झालेली ही परिषद 2010 मध्ये पवईला, आयआयटी मुंबईत भरली आणि मग फिरतीवर निघाली. चेन्नई, हैदराबाद, खरगपूर, केरळात कोल्लम जिल्ह्यातलं अमृतपुरी, वरंगळ, 2016 ला परत पवई, 2019 च्या डिसेंबरात गोवा. 2016 चं वर्ष तर पर्वणीच होतं. संगणक आणि शिक्षणावरची ‘आयसीसीई’ ही आशियातली मोठी परिषद त्याच आवारात भरली आणि तिला जोडूनच टी-फोर-ई सुरू झाली. आठवडाभर पवईत नुसती ई-लर्निंगचीच चर्चा!

2010 ते 2012 ही परिषद जुलैत असायची, 2013 पासून ती डिसेंबरात गेली. पवईचा जुलै म्हणजे धो धो पाऊस. आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडून परिषदेत फळीवर लावायचं, ते पोस्टर; त्याच्या नळीची दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करून वर प्लास्टिकची पिशवी बांधायची, तरच पोस्टर कोरडं पोहोचायचं.

या पोस्टरांची आठवण सगळ्यात जास्त येते. ए-झीरो आकार, म्हणजे 84 सेंटिमीटर रुंद आणि 119 सेंटिमीटर उंच. फ्लेक्स स्वस्त पडतो आणि भिजत नाही, पण दिव्याखाली चमकतो, समोरच्याला वाचायला मान वाकडी करावी लागते. चमक नसलेला जाड कागद कधीही बरा. गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर फळीवर लावल्यावर खालची टोकं वाचणाऱ्याकडे वळून येतात. मजकुराची अक्षरं 24 पॉइंटच्या खाली गेली की लोक थांबतच नाहीत. आणि फळी उभी आहे की आडवी, हे छापण्याआधी आयोजकांना विचारायचं.

मराठी शाळांतलं काम घेऊन येणाऱ्यांची आणखी एक परीक्षा असायची. घरच्या संगणकावर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली प्रश्नावली सभागृहातल्या लॅपटॉपवर उघडली की ‘विद्यार्थी’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसायची. तो फॉन्ट त्या यंत्रावर नसायचा, इतकंच कारण. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा, सादरीकरणाची पीडीएफ करून सोबत ठेवायची, आणि तीही फॉन्ट आत बसवलेली. अंतिम शोधनिबंध पाठवतानाही आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेची तपासणी नेमकी याच मुद्द्यावर फाइल परत करायची. प्रात्यक्षिकाचंही तसंच. शंभर-दीडशे लोक एकाच वायफायवर आले की ॲप उघडायचं नाव घेत नाही. दोन मिनिटांचं पडद्याचं चित्रण पेनड्राइव्हवर असलं की निभावून जायचं.

पण हे सगळं सामानसुमान झालं. खरी परिषद घडायची पोस्टरसमोर, हातात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या माणसाने विचारलेल्या एका प्रश्नात: ‘मुलं शिकली, हे कशावरून?’

पहिल्यांदा येणाऱ्याचं पोस्टर बहुधा ॲपच्या चित्रांनी भरलेलं असायचं, आणि खाली एक स्तंभालेख: ‘90 टक्के मुलांना आवडलं.’ मग कुणीतरी खिशातलं पेन काढून कोपऱ्यातल्या टेबलावर कागद ओढायचं आणि शांतपणे लिहून दाखवायचं. पूर्वचाचणीत सरासरी 40 टक्के, उत्तरचाचणीत 70. वाढ 30, वाढीला वाव होता 60 चा, म्हणजे लाभ 0.5. शेजारच्या वर्गात आधी 70, नंतर 85. वाढ दिसायला निम्मी, 15 ची. पण वावही 30 चाच होता, म्हणून लाभ तोच, 0.5. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड हेक यांनी 1998 मध्ये सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्राच्या गुणांवर वापरलेली ही पद्धत. त्या कागदावरचा हिशेब पाहताना समोरच्याचा चेहरा उजळायचा, ते बघणं हा या परिषदेतला मोठा आनंद होता.

पुढचे प्रश्न अधिक बारीक. पूर्वचाचणीला 60 मुलं आणि उत्तरचाचणीला 47 असतील, तर सरासरी दोन्हीला हजर असलेल्या मुलांचीच काढली ना? गळालेली 13 जर मागे पडणारी असतील, तर काहीही न शिकवता सरासरी वाढते. ॲपच्या गटाला जास्तीच्या दोन तासिका मिळाल्या का? मिळाल्या असतील तर फरक ॲपचा की वेळेचा? एक गट सकाळच्या पहिल्या तासाला आणि दुसरा शेवटच्या तासाला बसला होता का? टॅब्लेट हातात आल्यावरचा पहिल्या आठवड्याचा उत्साह निघून गेल्यावर, तीन-चार आठवड्यांनी, तीच चाचणी पुन्हा घेतली का? शिक्षणाचे अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच बजावलं होतं की माध्यम हे किराणा वाहून आणणाऱ्या ट्रकसारखं, पोषण किराण्यातून मिळतं. टी-फोर-ईच्या चहाच्या वेळांत हा वाद दरवर्षी नव्याने पेटायचा, आणि पेटायलाच हवा होता.

ॲप वापरायला किती सोपं आहे हे मोजणाऱ्या ‘एसयूएस’ (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावलीवरही अशीच शिकवणी व्हायची. दहा विधानं, प्रत्येकाला 1 ते 5. विषम क्रमांकाच्या उत्तरातून 1 वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर 5 मधून वजा करायचं, बेरजेला 2.5 ने गुणायचं. सगळीकडे 3 लिहिलं तर 50 येतात. 68 आले की आपल्याकडे ‘फर्स्ट क्लास’ वाटतं, पण तिथे 68 म्हणजे जेमतेम सरासरी. सम क्रमांकाची विधानं नकारार्थी असतात. ती मराठीत आणताना ‘मला हे अवघड वाटलं नाही’ असं लिहून बसलं, की ‘असहमत’ म्हणजे नेमकं काय, हे सातवीच्या मुलाला कळत नाही आणि गुण उलटे पडतात. ‘मला हे वापरायला किचकट वाटलं’ असं सरळ वाक्य हवं. पाच मुलांना आधी मोठ्याने वाचायला लावलं की घोटाळा लगेच सापडतो.

पुढच्या वर्षी तीच माणसं परत यायची. पोस्टरवर ॲपची चित्रं दोनच उरलेली, मधोमध पूर्वचाचणीचा तक्ता, आणि गळालेल्या मुलांची संख्या स्वच्छ लिहिलेली. ती बघून फार बरं वाटायचं. गेल्या खेपेला हिशेब मांडून दाखवणारा माणूस आपणहून त्या फळीशी येऊन उभा राहायचा.

गोव्यानंतर तीनच महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, शाळा बंद झाल्या आणि परिषदाही पडद्यावर गेल्या. तिथे शोधनिबंध वाचले गेले, प्रश्न चॅटच्या चौकटीत लिहिले गेले, वेळही काटेकोर पाळली गेली. पण वीस मिनिटं एकाच पोस्टरसमोर उभं राहून, चहा गार होऊ देत, दुसऱ्याच्या 47 मुलांचा हिशेब मांडायला तिथे ते कोपऱ्यातलं टेबल नव्हतं.