दुबईत गोल्फ खेळायचंय? आधी गवताचं वेळापत्रक समजून घ्या

दुबईत नोकरी लागून पहिला हिवाळा आला की ऑफिसातून विचारणा होतेच: "शुक्रवारी दुपारी येतोस का गोल्फला?" २०२२ पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी असते. शुक्रवारी सरकारी कचेऱ्या दुपारी बाराला सुटतात आणि बऱ्याच खासगी कंपन्याही लवकर सोडतात. आपल्याकडून आलेल्या माणसाच्या डोक्यात गोल्फ म्हणजे क्लबचं सभासदत्व, ओळखीपाळखी आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. इथे तसं नाही. बहुतेक मैदानांवर पैसे भरून, वेळ आरक्षित करून कोणीही खेळू शकतं. मात्र तीच फेरी जानेवारीत आणि जुलैत घेतली तर खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. नामांकित मैदानावर ऐन हंगामात एका फेरीला हजार दिरहमच्या पुढे मोजावे लागतात, आणि रुपयांत मोजलं तर ही रक्कम किती होते ते कळतं. उन्हाळ्यात दर खूप खाली येतात. म्हणून इथे गोल्फ परवडणं हे पगाराइतकंच महिन्यावर अवलंबून आहे, आणि महिना ठरवतं गवत.

या शहरात गवत आधी नव्हतंच. १९६८ च्या गणनेत दुबईची वस्ती साठ हजारांच्या आसपास होती, आज ती छत्तीस लाखांच्या पुढे गेली आहे. त्या जुन्या काळात आखाती देशांत परदेशी मंडळी वाळूवर गोल्फ खेळायची. फेअरवे, म्हणजे सुरुवातीपासून होलपर्यंतची (चेंडू टाकायच्या खड्ड्यापर्यंतची) मुख्य वाट, हा दोन्हीकडे खुणा लावलेला वाळूचा पट्टा असायचा. खेळाडू कृत्रिम गवताचा चटईसारखा छोटा तुकडा बरोबर बाळगायचा, फेअरवेवर चेंडू पडला की तो त्या तुकड्यावर ठेवून मारायचा. होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, म्हणजे ग्रीनच्या, जागी 'ब्राउन' असायचा. बारीक वाळूत तेल कालवून, रोलर फिरवून ती दाबून बसवलेली असे. एक गट पटिंग करून (चेंडू होलमध्ये ढकलून) गेला की पावलांच्या खुणा झाडून पृष्ठभाग पुन्हा सपाट करायचा, ही तिथली शिस्त. दुबई कंट्री क्लबचं मैदान असंच होतं. शहर वाढलं आणि ते गेलं.

१९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबचं मजलिस मैदान खुलं झालं आणि मध्यपूर्वेत पहिल्यांदा पूर्ण गवताचं, अठरा होलचं स्पर्धायोग्य मैदान तयार झालं. आराखडा कार्ल लिटन यांचा. क्लबहाऊस वाळवंटातल्या भटक्या बेदुइन लोकांच्या तंबूंच्या आकाराचं आहे. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, तिथे दुबई डेझर्ट क्लासिक स्पर्धा सुरू झाली. १९९३ मध्ये खाडीकाठी दुबई क्रीक गोल्फ क्लब आला. त्याचं क्लबहाऊस ढाऊ होडीच्या शिडांसारखं आहे, आणि २० दिरहमच्या कागदी नोटेवर ते छापलेलं आहे. नोट हातात आली की बघा. पुढची बरीचशी मैदानं घरांच्या वसाहतींना धरून आली. अरेबियन रँचेस आणि जुमेरा गोल्फ इस्टेट्स ही त्यातली ठळक नावं.

आता पाण्याचं गणित. कडक उन्हाळ्यात इथे गवताला दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी लागतं. एका हेक्टरवर १० मिलिमीटर पाणी म्हणजे १०० घनमीटर, म्हणजेच एक लाख लिटर. अठरा होलच्या मैदानात तीसेक हेक्टर गवत धरलं तर रोजचे तीस लाख लिटर होतात. हे पाणी प्रामुख्याने शहराचं सांडपाणी शुद्ध करून येतं, नळाचं नसतं. त्यात क्षार असतात. वाळूत पाणी भराभर मुरतं, वर ऊन तापतं, पाण्याची वाफ होते आणि क्षार मुळांपाशी साचतात. मग पानांची टोकं करपतात, मधेमधे पिवळे चट्टे दिसतात. यावर उपाय म्हणून मैदानाचे लोक अधूनमधून मुद्दाम गरजेपेक्षा जास्त पाणी देऊन क्षार मुळांच्या खाली ढकलतात. अशा रात्रीनंतर सकाळी फेअरवे बसका आणि ओला असतो, चेंडू पडल्यावर घरंगळत नाही. ज्याला हे ठाऊक नसतं तो आपल्या फटक्यातच काहीतरी चुकतंय असं समजून अर्धी फेरी स्वतःशी भांडत बसतो.

गवताच्या इथे मुख्यतः दोन जाती दिसतात. बर्म्युडा उन्हात जोमाने वाढतं, पण थंडीत मंदावतं आणि रंग फिका पडतो. सी-शोअर पासपालम खारं पाणी चांगलं सोसतं, म्हणून नव्या मैदानांत आणि समुद्राजवळ ते जास्त लावतात. बर्म्युडाच्या मैदानांवर ऑक्टोबरच्या सुमारास थंडीतल्या हिरवळीसाठी राय गवताचं बी पेरतात. या पेरणीचे दोन-तीन आठवडे हंगामातले सगळ्यात फसवे असतात. जमीन ओली, बग्गी (मैदानावर फिरायची छोटी गाडी) फक्त पक्क्या रस्त्यावरून न्यायची परवानगी, आणि कोवळं गवत पायाखाली घसरतं. दुसरा सांभाळायचा काळ उन्हाळ्यातला. जूनपासून ग्रीनमधून पोकळ सळयांनी मातीचे गट्टे काढतात आणि वरून वाळू पसरतात, म्हणजे मुळांना हवा मिळते. त्यानंतर दीडेक आठवडा चेंडू ग्रीनवर टणाटण उड्या मारतो. त्यामुळे फोनवर आरक्षण करताना एवढं विचाराच: "पेरणी कधी झाली? ग्रीनला भोकं कधी पाडली?" गेल्या दोन आठवड्यांत यातलं काही झालं असेल तर पुढची तारीख घ्या किंवा दर कमी करायला सांगा. हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही, नियमित खेळणारे सगळे विचारतात.

पहाटे पाचला मैदानावर जाऊन एकदा नुसतं बघावं असं काम म्हणजे होल बदलणं. कामगार ग्रीनवरचं दव लांब काठीने झाडतो. मग यंत्र फिरतं, पातं जेमतेम तीन मिलिमीटर उंचीवर. पाठोपाठ एक जण गोल कटर घेऊन नवी जागा शोधतो. कटर जमिनीत दाबतो, फिरवतो आणि १०८ मिलिमीटर व्यासाचा मातीचा गड्डू अलगद वर काढतो. तोच गड्डू कालच्या होलमध्ये बसतो. तो केसभर वर राहिला तर यंत्राचं पातं त्याला सोलून काढतं, खाली राहिला तर चेंडू तिथे अडखळतो. म्हणून तो तळव्याने दाबून, गुडघ्यावर बसून डोळ्याने सपाटी पाहतो, कडेला चिमूटभर वाळू भरतो आणि पाणी शिंपडतो. हे काम करणारे बहुतेक आपल्याच उपखंडातले असतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, म्हणून त्यांचा दिवस अंधारातच सुरू होतो. समोरून गाडी आली तर थांबा, त्यांना आधी जाऊ द्या.

सुरुवात कशी करायची? थेट अठरा होलवर जाऊ नका. आधी रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, चेंडू मारा, प्रशिक्षकाकडे चार-पाच तास शिका, मग एखाद्या नऊ होलच्या पार-थ्री मैदानावर (प्रत्येक होल तीन फटक्यांचं असलेल्या छोट्या मैदानावर) जा. एमिरेट्स आणि क्रीक या दोन्ही क्लबांकडे तशी मैदानं आहेत. तिथे दिवसा उन्हाचा त्रास असेल तर प्रकाशझोतात संध्याकाळी खेळता येतं, कमी साहित्यात भागतं, आणि मागे खोळंबलेल्या गटाचा दबावही कमी असतो. त्यानंतर हँडिकॅप, म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आणि जादा फटके मिळवून देणारा आकडा, काढून घ्या, कारण हंगामात काही मैदानं तो विचारतात. इथे तो एमिरेट्स गोल्फ फेडरेशनमार्फत मिळतो. पहिल्यांदा ५४ होलचे स्कोअर द्यावे लागतात, नऊ-नऊ होलच्या फेऱ्याही चालतात. पुढे शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ वरून आकडा निघतो, वरची मर्यादा ५४. प्रत्येक मैदानाचा स्लोप (साध्या खेळाडूला ते किती कठीण पडतं याचा आकडा) वेगळा असतो, त्यामुळे तुमचा निर्देशांक (वर निघालेला आकडा) गुणिले स्लोप, भागिले ११३, अधिक कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) वजा पार (मैदानाचे ठरलेले फटके), असं गणित होतं. समजा निर्देशांक २८, स्लोप १३०, रेटिंग ७१.५ आणि पार ७२. मग उत्तर ३१.७ येतं, म्हणजे ३२. कठीण मैदानावर तुम्हाला चार फटके जास्त मिळाले. हे समजलं नाही तर लोक सोप्या मैदानावरचा आकडा सगळीकडे वापरतात आणि स्पर्धेत गोंधळ होतो.

पुण्या-मुंबईतल्या मैदानांवर कॅडी असतो, तो चेंडू शोधतो, वाऱ्याचा अंदाज सांगतो. इथे सहसा कॅडी मिळत नाही. जीपीएस असलेली बग्गी शुल्कातच येते आणि शोधाशोध तुम्हालाच करावी लागते. इथे नवखे सगळ्यात जास्त चुकतात ते वाळूत. फेअरवेच्या कडेला जो मोकळा वाळवंटी भाग असतो तो बंकर (मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा) नव्हे. नियमानुसार तो सामान्य क्षेत्रात मोडतो. तिथे बॅट, म्हणजे क्लब, जमिनीला टेकवता येतो आणि सरावाचा स्विंगही घेता येतो. खऱ्या बंकरमध्ये मात्र चेंडूच्या लगेच मागे क्लब टेकवला की दंड. सुटे दगड-काटक्या मात्र बंकरमधूनही उचलता येतात, हा २०१९ च्या नियमबदलाचा भाग. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात. झुडपाखाली, काट्यात हात घालू नका. तिथे विंचू-साप असू शकतात. एक दंडाचा फटका घ्या, नियमाप्रमाणे ड्रॉप करा (चेंडू हातातून खाली सोडा) आणि पुढे चला.

वाळवंटातली नैसर्गिक वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली असते. ती बंकरला वापरली तर चेंडू त्यात निम्मा रुतून बसतो, म्हणून चांगली मैदानं कोनदार दाण्याची वाळू आणून टाकतात. फटका मारण्याआधी पाय रोवताना ती वाळू किती खोल आहे ते तळव्याला कळतं. मऊ आणि खोल असेल तर जास्त बाउन्सचा (तळ फुगीर असलेला) सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढायचा क्लब, तोंड आकाशाकडे उघडं धरून मारा, कमी बाउन्सचा क्लब खणत जातो. बर्म्युडाच्या ग्रीनवर पात्यांची दिशा बघा. चकाकी दिसली तर चेंडू पात्यांच्या दिशेने जातो आणि वेगाने पळतो. काळपट दिसलं तर पाती तुमच्याकडे झुकलेली आहेत, थोडा जोर लावा. हे ओळखायला शिकलात की दोन-तीन फटके आपोआप वाचतात.

मैदानाकाठचं घर घ्यायचं म्हणत असाल तर दोन गोष्टी आधीच विचारा. पहिली: घराचं भाडं आणि खेळायचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. घर मैदानाला लागून असलं तरी सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं. दुसरी: घर कोणत्या होलच्या कुठल्या बाजूला आहे. उजव्या हाताच्या नवख्या खेळाडूचा टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला चेंडू उजवीकडे वळतो, म्हणून टीपासून दोनशे यार्डांवर उजवीकडच्या घराच्या काचांना धोका जास्त. पहाटे यंत्रांचा आवाज आणि रात्री फवारे असतातच. भाड्याचे बाकी आकडे नेहमीचेच: दलालाचे साधारण ५ टक्के, बिनसामानाच्या घराला अनामत ५ टक्के आणि सामानासह १० टक्के, वीज-पाण्याची अनामत फ्लॅटला २,००० दिरहम आणि व्हिलाला ४,०००, इजारी (भाडेकराराची सरकारी) नोंदणी वेगळी, आणि वर्षाचं भाडं पुढच्या तारखांच्या चेकांत. चेक कमी असतील तर घासाघीस सोपी जाते, पण पगाराची तारीख आणि चेकची तारीख जुळवून घ्या. पहिल्याच वर्षी गोल्फच्या दृश्यासाठी जादा भाडं देऊ नका, असं माझं ठाम मत आहे. आणि अर्धवट मैदानाच्या भरवशावर तर मुळीच नको. टायगर वूड्सच्या नावाने २००६ मध्ये जाहीर झालेलं अल रुवायातलं मैदान २००८ च्या मंदीनंतर पूर्ण झालंच नाही.

उन्हाळ्यात खेळायचं तर सूर्य उगवायच्या सुमारास पहिली वेळ घ्या आणि नऊ होलवर थांबा, किंवा सरळ रात्री खेळा. एमिरेट्स क्लबचं फाल्डो मैदान प्रकाशझोतात चालतं. दर तीन होलला अर्धा लिटर पाणी प्या, मधूनच मिठाचं काहीतरी तोंडात टाका. नुसतं पाणी पीत राहिलात तर पेटके येतात. दोन हातमोजे ठेवा, पहिला घामाने भिजला की दुसरा. डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण असते. पहाटे धुकं दाटतं आणि सुरुवातीच्या वेळा तासभर मागे जातात, तेव्हा खेळानंतरची कामं दुपारनंतर ठेवा.

साहित्य नवं घेऊ नका. जून-जुलैत करार संपून मायदेशी जाणारे लोक दुबिझल या जाहिरातींच्या संकेतस्थळावर संच विकतात, तेव्हा भाव उतरलेला असतो. चौदा क्लबची परवानगी असली तरी सुरुवातीला सातच पुरे: एक हायब्रिड, ६, ८, ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. घेताना तीन ठिकाणी पाहा. ग्रिप दाबून बघा, कडक आणि गुळगुळीत झाली असेल तर ग्रिप बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथली काळी फेरूल कड सरकली आहे का ते बघा. सरकली असेल तर तो संच महिनोन्‌महिने गाडीच्या डिकीत पडलेला असणार. डिकीतल्या उन्हाने गोंद सैल होतो आणि एखाद्या दिवशी डोकं निसटून चेंडूच्या पुढे जातं. शेवटी डोकं धरून दांडा हलकेच पिळा. किंचितही करकर ऐकू आली तर तो क्लब परत ठेवा. घेतलेला संच रात्रभरही डिकीत ठेवू नका, वर घरात न्या.