बेदाण्याच्या मसाला कुकीज आणि सोलापूरचा उन्हाळा

फळांच्या कुकीज बिघडल्या की आपण आधी मसाल्याचं प्रमाण बदलून बघतो. माझ्या अनुभवात दोष जवळजवळ नेहमी दोन जागी सापडतो: फळात राहिलेलं पाणी आणि मऊ पडलेलं बटर. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर बटरवर आधी नजर ठेवावी लागते.

माझं प्रमाण असं आहे. मैदा 150 ग्रॅम, ज्वारीचं पीठ 50 ग्रॅम, बटर 110 ग्रॅम, गूळ पावडर 100 ग्रॅम, सुकी फळं 150 ग्रॅम (बेदाणा 90, सुके अंजीर 40, खारीक 20), संत्र्याचा रस 60 मिली, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, खायचा सोडा पाव चमचा. बटर खारट असेल तर वेगळं मीठ नको. अंडं लागत नाही. एवढ्यात 25 ग्रॅमच्या 24 कुकीज होतात.

ज्वारी मुद्दाम घेते. मंगळवेढ्याची मालदांडी असली तर उत्तमच. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे कुकी खुसखुशीत होते. पण एकूण पिठाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर ज्वारी गेली की ती उचलतानाच तुटते. पीठ ताजं दळलेलंच हवं. जुन्या पिठाचा कडवटपणा भाकरीपेक्षा कुकीत जास्त जाणवतो.

आता फळं. बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत रॅकवर वाळवतात, आणि पिवळा रंग टिकवायला पुढे गंधकाची धुरी देतात. म्हणून बेदाणा कोमट पाण्यात दोनदा चोळून धुते. अंजीर आणि खारीक बेदाण्याएवढे बारीक चिरते. मग सगळं संत्र्याच्या रसात घालून मंद आचेवर 4-5 मिनिटं गरम करते आणि झाकून पूर्ण गार होऊ देते. कोरडं फळ तसंच घातलं तर ते भाजताना पिठातला ओलावा ओढतं आणि वर आलेला बेदाणा फुगून करपतो, कडू लागतो. उलट रसासकट घातलं तर त्याची आत वाफ होते, कुकी केकसारखी फुगते आणि दुसऱ्या दिवशी चिवट होते. म्हणून गाळणीत निथळून, सुती फडक्यावर 10 मिनिटं पसरून ठेवते. खाली उरलेला रस टाकत नाही. त्यातले 2 मोठे चमचे दुधाऐवजी पीठ एकत्र करताना वापरते. कमी उरला तर तेवढं दूध.

डाळिंब आपल्या भागाचं, म्हणून ताजे दाणे घालायचा मोह होतो. घालू नका. दाण्यात रस इतका असतो की भाजताना तो फुटून प्रत्येक दाण्याभोवती ओला, कच्चा खड्डा राहतो.

मसाला: दालचिनी पूड 1 चहाचा चमचा, सुंठ अर्धा, वेलची अर्धा, जायफळ किसून पाव, लवंग पूड फक्त दोन चिमटी. लवंग वाढली की जीभ बधिर होते आणि बाकीचं काही कळत नाही. या मसाल्यांचा सुगंध स्निग्धात चांगला उतरतो, म्हणून पूड मैद्यात न मिसळता बटर फेटतानाच घालते. तेवढ्याच मसाल्यात वास स्पष्ट जास्त येतो.

बटर फेटायला 18 ते 21 अंश चांगलं. उन्हाळ्यात आपलं स्वयंपाकघर त्याच्या दुप्पट तापलेलं असतं. पहाटे सहाच्या आत काम उरकते, भांडं बर्फाच्या पाण्यावर ठेवते. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला तूप लागू नये, एवढंच मऊ. गूळ घालून 3-4 मिनिटं फेटते. बटर वितळलेलं असेल तर त्यात हवा धरत नाही आणि कुकी ट्रेवर पसरून पापडासारखी होते. चाळलेलं पीठ, रस आणि शेवटी फळं घालून हाताने नुसतं एकत्र करते. मळलं की मैदा चिवट होतो. गोळा झाकून फ्रीजमध्ये 1 तास.

ओव्हन 170 अंशांवर, वरखाली दोन्ही कॉइल चालू, 15 मिनिटं आधी तापवलेला. गोळे हलके चपटे करताना बेदाणे आत दाबते. दोन गोळ्यांत दोन बोटं अंतर. मधल्या जाळीवर 14 ते 16 मिनिटं. गुळामुळे रंग लवकर चढतो, त्यामुळे रंग बघून फसायला होतं. कुकीची कड खालून उचलून बघते. कड घट्ट आणि मध्य अजून मऊ असताना बाहेर काढायची, ट्रेवरच 5 मिनिटं ठेवायची, मग जाळीवर. लगेच उचलली तर मोडते, ट्रेवरच राहू दिली तर तळ घामाने ओला होतो. छोट्या ओव्हनमध्ये दोन-तीन खेपा होतात. तोवर उरलेलं पीठ फ्रीजमध्येच, आणि दुसरी खेप गरम ट्रेवर कधीच मांडत नाही, कारण भाजायच्या आधीच बटर सुटतं.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात 7-8 दिवस चांगल्या राहतात. मसाला दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत डबा उघडा राहिला तर फळं दगडासारखी होतात. पावसाळ्यात मऊ पडल्या तर 150 अंशांवर 5 मिनिटं पुन्हा भाजून घेते.