पिवळ्या कार्डासाठी तीन खेपा

केनियाला सेवेसाठी जायचं ठरलं तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना धास्ती होती ती व्हिसाची. ते काम घरबसल्या झालं. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकून ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. आम्हाला रडवलं ते पिवळ्या तापाच्या लशीने. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

ही लस केनियासाठी कमी आणि घरी परतण्यासाठी जास्त लागते. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास गल्लोगल्ली आहे. म्हणून तिकडून येणाऱ्याकडे लशीचं पिवळं कार्ड नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. शिवाय लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. आमचं विमान ९ फेब्रुवारीचं, म्हणजे काही झालं तरी ३० जानेवारीच्या आत लस हवी. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. आमच्या नगरहून तीन तासांवरचं एक केंद्र आम्हाला सोयीचं होतं.

आम्ही सात जण. पाळकसाहेब, मी, चार तरुण मुलं आणि सहासष्ट वर्षांचे आमचे गुरुजी. पहिल्या खेपेला पहाटे चारला प्रार्थना करून निघालो. नऊला रांगेत बसलो ते एक वाजेपर्यंत. मग आतून निरोप आला, आज माणसं कमी आहेत, कुपी फोडणार नाही. मी तीस वर्षं नर्सिंग केलंय, कारण मला पटतं. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि एकदा पाणी मिसळलं की काही तासांत ती संपवावी लागते, उरलेली फेकायची. पण आदल्या दिवशी फोनवर मी विचारलं होतं, "सात जण येतोय, चालेल ना?" तेव्हा "या" म्हणाले. सकाळी नऊला मोजणी करून सांगितलं असतं तरी गुरुजींना चार तास लाकडी बाकावर बसावं लागलं नसतं.

दुसऱ्या खेपेला साठा संपलेला. फोन कोणी उचललाच नव्हता.

तिसरी खेप २७ जानेवारीला. त्या दिवशी लस होती, माणसंही होती, तर गुरुजींना अडवलं. साठीच्या पुढे या लशीचा त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांचं पत्र मागितलं. ते मी आधीच घेऊन ठेवलं होतं. तुमच्या गटात कोणी वयस्कर असेल किंवा कोणाला अंड्याची ॲलर्जी असेल, तर घरच्या डॉक्टरांशी आधी बोला आणि पत्र लिहूनच घ्या.

सगळ्यांना टोचून झालं, कार्डं हातात आली. सवयीने मी एकेक कार्ड पासपोर्टशेजारी धरून वाचायला लागले. गुरुजींच्या पासपोर्ट नंबरात शेवटी १७ होते, कार्डावर ७१. खिडकीतल्या बाबूंना दाखवलं. त्यांनी पेन काढलं आणि ७१ वरच गिरवून १७ केलं. वर म्हणाले, "जा मावशी, कोण बघतंय!"

मी हलले नाही. त्याच कार्डावर छापलेलं असतं की खाडाखोड केली तर ते अमान्य ठरू शकतं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, नवीन कार्डावर सही करणारे साहेब जेवायला गेलेत. म्हटलं, थांबते. दोनचे तीन झाले, तीनचे साडेतीन. मागे पाळकसाहेब पोरांना घेऊन गाडीजवळ उभे, गुरुजी मला सारखे सांगतायत, "बाई, राहू द्या, देव सांभाळेल." देव सांभाळतोच, पण अक्षरं नीट वाचायला त्याने मला डोळे दिलेत. चार वाजता नवीन कार्ड मिळालं. कोरं, एकही खाडाखोड नाही. जिना उतरताना माझे हातपाय थरथरत होते आणि मला खरंच अभिमान वाटत होता.

म्हणून सांगते, तिकीट काढायच्याही आधी लशीची तारीख पक्की करा. टोचून झाल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, लशीचा बॅच नंबर, सही, शिक्का, सगळं बोट ठेवून वाचा.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं राहिलंच. केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे, सामान पॉलिथिनमध्ये गुंडाळून नेऊ नका. आमच्या महिला मंडळाने जुन्या साड्यांच्या चाळीस पिशव्या शिवून दिल्या. व्हिक्टोरिया सरोवराकडे मलेरिया फार, त्याच्या गोळ्या निघण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायच्या. आमच्या मुलांनी आल्याबरोबर सोडायचा बेत केला होता, मी रोज फोन करून घ्यायला लावल्या. मोबाइल चार्जिंगला चौकोनी तीन पिनांचा प्लग लागतो. आणि निमंत्रणपत्रात तुम्ही सेवेला येताय हे स्वच्छ लिहून घ्या. फिरायला चाललोय असं सांगून सेवा करणं मला पटत नाही, आणि त्याने तिथल्या मंडळीतले लोकही अडचणीत येतात. तिथली वेगळी परवानगी काढावी लागली तर ती तेच नीट काढू शकतात.

नगरला १८३१ मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले, तेव्हा त्यांना जहाजाने कित्येक महिने लागत. आम्ही मुंबईहून साधारण सहा तासांत नैरोबीला उतरलो. परत येताना मुंबईला आरोग्य खात्याच्या टेबलावर एका तरुण मुलीने गुरुजींचं कार्ड घेतलं, पासपोर्ट उघडला आणि नंबरावर पेन्सिल टेकवून एकेक आकडा जुळवला. एक, सात. शिक्का मारला. गुरुजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.